गुलाबीसमोरची खूण

रस्सी माझ्या कमरेला बांधली होती. दोन वेढे आणि एक गाठ. गाठ डॉक्टरकाकांनी स्वतः मारली होती, आणि ते हाडांचे डॉक्टर असल्यामुळे गाठ पक्की होती.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. सौदीतल्या अल खर्जच्या बाहेर एक इस्तिराहा भाड्याने घेतला होता. उंच भिंतींच्या आत दोन खोल्या, हिरवळीचा तुकडा, पोहायचा छोटा तलाव. आमच्या भागातली मराठी कुटुंबं महिन्यातून एका शुक्रवारी तिथे जमायची. बायका घरून डबे आणायच्या, पुरुष कोळसे पेटवायचे, आणि ऊन उतरलं की खेळ व्हायचे. रस्सीखेचीत शेवटी जो उभा राहतो त्याच्या कमरेला रस्सी बांधतात. त्याने मागे झुकायचं आणि हलायचं नाही. दर वेळी ती जागा माझी. माझ्याहून मोठी मुलं पुढे आणि मी मागे.

"आमचा आफ्रिकन खांब," डॉक्टरकाका म्हणायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे.

त्या दिवशी रस्सी वर सरकली. टी-शर्ट वर गेला आणि रस्सी नुसत्या कातडीवर घासायला लागली. मी म्हटलं, "काका, लागतंय."

"तुला काय लागतंय गं? तू स्ट्राँग आहेस. ओढा रे."

आम्ही जिंकलो.

काकांची मुलगी ऋचा माझ्याच वर्गात होती. रस्सी धरून तिचे तळवे लाल झाले होते. काकांनी तिचे हात नळाखाली धरले आणि सरबताच्या बाटल्यांतला बर्फ रुमालात बांधून दिला. अम्मी मला त्यांच्याकडे घेऊन गेली. तिने टी-शर्टची कड बोटभर उचलली. काकांनी लांबूनच बघितलं.

"कुठे काय झालंय, वहिनी? लालसुद्धा नाही झालं."

खरं होतं. लाल झालं नव्हतं. माझी कातडी लाल होत नाही.

दोन दिवसांनी तिथली साल निघाली. अम्मीने खोबरेल तेल लावलं. मी रडायला लागले तशी ती म्हणाली, "रडायचं नाय. आपण रडलो की त्यांना बरं वाटतं." तिचा हात हळू होता, आवाज कडक होता. तो पट्टा अजून माझ्या कमरेवर आहे. बाकीच्या काळ्यापेक्षा थोडा जास्त काळा.

आम्ही सिद्दी. आमचे पूर्वज कधीतरी आफ्रिकेतून गलबतांत भरून मुरूडच्या किनाऱ्यावर आणले गेले. त्याला इतकी शतकं झाली की आमच्या घरात आफ्रिकेतला एक शब्दही उरलेला नाही. उरले ते केस, ओठ आणि रंग. बाकी आम्ही कोकणातले. घरी मराठी, जेवायला भात आणि मासळीचं कालवण. अब्बा इथे एका डेअरी प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहेत. माझी शाळा इंडियन, इंग्रजी माध्यमाची. मराठी वाचायला अम्मीने शिकवलं, दुपारी, स्वयंपाकघराच्या फरशीवर.

शाळेत मी फार बोलत नसे. पण बोलायला लागायचं, कारण मी गप्प राहिले की लोक मला भारतातली समजत नसत. बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, मलबारी दुकानदार मला अरबीत विचारायचा की मॅडमने काय मागवलंय. एकदा लिफ्टमधून उतरताना एका बाईने, आपल्याकडचीच असावी, तिची पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढे चालायला लागली. तिला वाटलं मी कुणाकडे कामाला आहे. मग मी एक सवय लावून घेतली. नव्या माणसासमोर पहिलं वाक्य मीच बोलायचं, आणि त्यात 'इंडियन' हा शब्द आणायचा. आय अॅम इंडियन. मैं इंडियन हूँ. अना हिंदिया. तीन भाषांत पाठ होतं.

ही सवय का सांगते ते पुढे येईल.

नर्सिंगची चार वर्षं महाराष्ट्रात केली. तिथे हॉस्टेलवरच्या मुली मला 'नायजेरिया' म्हणायच्या, प्रेमाने. मग परत अल खर्जला आले. एका खाजगी हॉस्पिटलमध्ये लागले. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, हॉस्पिटलच्या नावावर, वॉर्ड हाडांचा. विभागाचे मोठे डॉक्टर म्हणजे डॉक्टरकाका. इस्तिराह्यात काका, वॉर्डात सर.

पहिल्या आठवड्यातच वॉर्डाला कळलं की मी स्ट्राँग आहे. नव्वद किलोचा पेशंट कुशीवर वळवायला दोघी लागतात, तसा नियम भिंतीवर लिहिलेला आहे. मला एकटीला हाक यायची. "अरे, ती आहे ना." मी वळवायचे. पाठ धरली तर धरली. महिला दिनाला कॉलेजच्या एका मैत्रिणीने मला एक फोटो पाठवला. परदेशातली कोणी काळी बाई, दंड वाकवलेला, खाली इंग्रजीत 'स्ट्राँग ब्लॅक वुमन'. तिने लिहिलं होतं, तुझी आठवण झाली. मी हार्ट पाठवलं. ज्या बायकांनी हे शब्द स्वतःसाठी लढून मिळवले, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण माझ्या वाट्याला ते नेहमी दुसऱ्याच्या तोंडून आले. आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मागोमाग एखादं ओझं आलं.

मर्सी सकाळी साडेअकराला वॉर्डात आली. केनियाची. वय माझ्याएवढंच, सव्वीस. एका घरी कामाला होती. पडदे काढताना शिडीवरून पडली आणि उजवा हात मनगटाच्या वर मोडला. घरच्या ड्रायव्हरने आणून सोडलं आणि तो गेला. सरांनी हाड बसवून प्लास्टर घातलं होतं. एक दिवस लक्ष ठेवायचं आणि सोडायचं.

तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा मोकळा झाला. तसा चेहरा माझ्यासाठी कुणाचा होत नाही. दुखत असतानाही हसली.

"सिस्टर. केनिया? युगांडा?"

"इंडियन," मी म्हटलं.

तिला वाटलं मी गंमत करते आहे. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या. दोन्ही हात चादरीवर शेजारी होते. एकाच रंगाचे. मी माझा हात उचलला आणि कॉम्प्युटरची ट्रॉली जवळ ओढली.

प्लास्टर असलेल्या पेशंटच्या दर दोन तासांनी दोन गोष्टी बघतात. एक, दुखणं किती, शून्य ते दहा. आकडा पेशंटने सांगायचा असतो, आपण ठरवायचा नसतो. सात किंवा त्याच्या वर गेला तर ताबडतोब डॉक्टरला बोलवून प्लास्टर तपासायचं. आत सूज वाढली आणि प्लास्टर घट्ट झालं तर रक्त पोचत नाही. हात काही तासांत जातो. दुसरं, बोटांचा रंग. स्क्रीनवर तीन पर्याय येतात. गुलाबी, फिकट, निळा. एकावर खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

एक वाजता ती म्हणाली सहा. मी सहा लिहिलं. गुलाबीसमोर खूण केली.

तिची बोटं गुलाबी नव्हती. माझी पण नसतात. आमच्या बोटांवर रक्त आहे की नाही हे बघायचं तर नख दाबून सोडायचं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तळहाताकडून बघायचं. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, मला माझ्या हातांमुळे माहीत होतं. त्या वॉर्डात हे माहीत असलेली मी एकटी होते. मी नख दाबलं नाही. घाई होती असं नाही. मला तिचा हात हातात घ्यायचा नव्हता. शेजारच्या बेडवरच्या बाईने, पलीकडच्या नर्सने आमचे दोन हात एकत्र बघू नयेत, एवढंच.

तीन वाजता ती घामाने भिजली होती.

"नऊ," ती म्हणाली. "सिस्टर, नऊ. बोटं जळतायत. तू माझ्यासारखी आहेस. तू सांग त्यांना."

सर राउंडवर होते. मी सांगितलं. ते बेडच्या पायथ्याशी आले, मर्सीकडे बघितलं, प्लास्टरवर दोन टिचक्या मारल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अगं, या लोकांचं नऊ म्हणजे आपलं चार. ओरडायची सवय असते. अंगाने बघ कशी आहे. हिला काही होत नाही. पॅरासिटामॉल दे."

आपलं चार.

मी कितीतरी वर्षं त्या माणसाच्या अवतीभवती वाढले. त्याच्या रस्सीचा खांब झाले. पण त्याने मला 'आपलं' मध्ये कधी धरलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा धरलं. पलीकडे 'हे लोक' होते, अलीकडे आम्ही दोघं, मराठीत बोलणारे. मला आत कुठेतरी ऊब वाटली. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटली होती.

मी चार लिहिलं. गुलाबीसमोर खूण केली.

पाच वाजता ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. आवाज नाही. मी दोनदा हाक मारली, तिने मान वळवली नाही. मी लिहिलं, आराम करते आहे. चार. गुलाबी.

ती आराम करत नव्हती. तिने सांगणं सोडून दिलं होतं. हा फरक मला कळायला हवा होता. मी स्वतः तसं भिंतीकडे तोंड करून पडलेली आहे.

संध्याकाळी सातला ड्युटी बदलली. लिझा आली. फिलिपिन्सची, आमची चार्ज नर्स, माझ्या अम्मीच्या वयाची. तिने स्क्रीनवरचं चार वाचलं. मग मर्सीचा चेहरा बघितला. मग तिचं मधलं बोट धरून हळूच सरळ करायला गेली.

तो आवाज मी लिहू शकत नाही. माणसाचा होता एवढंच सांगते.

लिझाने नख दाबलं. सोडलं. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. रंग आला नाही.

"चार कुणी लिहिलं?"

"मी."

ती फोनकडे धावली.

प्लास्टर कापलं. ऑपरेशनमध्ये हात कोपरापासून मनगटापर्यंत चिरून उघडा ठेवावा लागला. हात वाचला. पण आतले स्नायू मेले होते. बोटं आत वळली ती वळलीच. आता ती कधी सरळ होणार नाहीत. त्या हाताने ती पडदा काढू शकणार नाही, भांडं धरू शकणार नाही, वेणी घालू शकणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ड्युटी नव्हती. तिचा हात उशीवर होता. मला माफी मागायची होती, पण तोंडातून तेच आलं जे रोज येतं. "दुखणं किती आहे?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"तुला हवं ते लिही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलवलं. चहा मागवला. दार अर्धं उघडं ठेवलं. आवाज इस्तिराह्यातला.

"बस, बेटा. हे बघ, चौकशी होणार आहे. तसं काही नसतं, कागद पुरा करायचा असतो. स्क्रीनवर चार आहे, बोटं गुलाबी आहेत. म्हणजे तेव्हा तसंच होतं. तुला विचारलं तर तेवढंच सांग."

"तिने नऊ सांगितलं होतं, सर."

"लिहिलं नाहीस ना? मग झालं. तुझ्यावरही येणार नाही, माझ्यावरही नाही. सूज अचानक वाढते कधीकधी. आणि तक्रार कोण करणार आहे? तिचा मालक, कफील, तिला एक्झिटवर कायमचं केनियाला पाठवतोय या आठवड्यात. खलास." त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला. "उगाच मनाला लावून घेऊ नकोस. तू स्ट्राँग मुलगी आहेस. लहानपणापासून बघतोय मी."

माझी कमर दुखली. खरोखर दुखली, पट्ट्याच्या जागी.

"मला तेव्हा लागलं होतं, काका," मी म्हटलं.

"कधी?"

"रस्सी बांधली होती तेव्हा. मी सांगितलं होतं. साल निघाली होती."

ते गोंधळले. त्यांना खरंच आठवत नव्हतं. "कुठली रस्सी?"

मी चहा घेतला नाही. उठले.

घरी सांगितलं तेव्हा अब्बा टीव्ही बंद करून बसले. "नोकरी गेली तर इकामा गेला. इकामा गेला तर तू गेलीस. कुठे जाशील?"

अम्मी म्हणाली, "त्यांचं नाव राहील. तुझं जाईल. तू लिहिलंस ना चार? मग फाशी तुलाच."

"मीच लिहिलं, म्हणून तर."

"एवढं सोसलंस, हे पण सोस. आपण सोसणाऱ्या."

"अम्मी, मी सोसलं नाही. तिने सोसलं. मी फक्त लिहिलं नाही."

अम्मी भांडी घासायला गेली. नळ मोठा सोडला. बऱ्याच वेळाने नळ बंद झाला आणि ती तिथूनच, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुझ्या वेळेला मला चौदा तास झाले होते. मी ओरडले नाय. दाई म्हणाली, हिला काय, ही हबशीण. ढोरासारखी विते." तिने हातातलं भांडं पालथं घातलं. "मी ओरडायला पाहिजे होतं."

सव्वीस वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. तिने मला लिही म्हटलं नाही. लिहू नको असंही पुन्हा म्हटलं नाही.

चौकशीचा फॉर्म एका पानाचा होता. मी मागे दुसरं पान जोडलं. इंग्रजीत लिहिलं, कारण ते इंग्रजीत वाचलं जाणार होतं. रुग्णाने तीन वाजता नऊ सांगितलं. मी चार लिहिलं. डॉक्टरांनी काय म्हटलं ते मी त्यांच्या मराठी शब्दांत लिहिलं आणि खाली अर्थ दिला. मी नख दाबलं नाही. मी बोटांचा रंग बघितला नाही. मी गुलाबीवर तीनदा खूण केली. या रुग्णाची बोटं गुलाबी नसतात. माझीही नसतात. मला हे माहीत होतं.

खाली सही केली, पूर्ण नाव. ते पान एचआरला दिलं आणि मर्सीच्या कागदांना जोडायला एक प्रत लिझाकडे. ती प्रत मर्सीबरोबर गेली की नाही मला माहीत नाही. मी दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले तेव्हा तिच्या बेडवर दुसरी बाई होती. चादर बदललेली होती.

मला लेखी ताकीद मिळाली आणि वॉर्ड बदलला. सरांचं काय चाललंय ते मला कळवण्यात आलेलं नाही. ते रोज येतात. कॉरिडॉरमध्ये दिसले की घड्याळ बघतात. शुक्रवारच्या मराठी कुटुंबांच्या ग्रुपमधून आम्हाला कुणी काढलं नाही. फक्त इस्तिराह्याचे मेसेज तिथे यायचे बंद झाले. दुसरा ग्रुप झाला असेल. अम्मी अजून अधूनमधून फोन उघडून बघते.

मर्सी मला सोडत नाही. मी कपडे वाळत घालते आणि चिमट्यांच्या ओळीत मला आत वळलेली बोटं दिसतात. बकाल्यात सुटे पैसे घ्यायला हात पुढे करते आणि तो हात चादरीवर पडलेला दिसतो, शेजारी दुसरा. मी तो उचलते, रोज उचलते, आणि ट्रॉली जवळ ओढते. तिची माफी माझ्याकडे येणार नाही. ती मागायला मी तिचा पत्ता शोधत नाही. तिच्यावर अजून एक ओझं कशाला.

ते पहिलं वाक्य मी सोडून दिलं. आता कुणी विचारलं, केनिया? सुदान? तर मी आधी विचारते, तुम्ही कुठल्या? मग सांगते. घाई करत नाही.

नव्या वॉर्डातही तेच तीन पर्याय आहेत. गुलाबी, फिकट, निळा. मी बदलायचा अर्ज दिला आहे, दोनदा. उत्तर आलेलं नाही. तोवर खाली रिकामी जागा असते तिथे लिहिते. नख दाबलं. दोन सेकंद. तळवा गरम. सही. पेशंट जो आकडा सांगेल तो तसाच.

मागच्या महिन्यात माझी पाठ गेली. वाकता येईना. स्टाफ क्लिनिकमध्ये गेले. नवा डॉक्टर, तरुण, आपल्याकडचाच, हिंदी बोलणारा. स्क्रीनकडे बघत त्याने विचारलं, दर्द कितना है, एक से दस?

"आठ."

त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. खांदे, दंड, चेहरा. मग हसला. "लगता तो नहीं, सिस्टर. आप तो स्ट्राँग हो."

"आठ लिखिए," मी म्हटलं.

तो थांबला. बोट कीबोर्डवर होतं. बाहेर दोघं जण वाट बघत होते. मी खुर्ची थोडी पुढे ओढली, स्क्रीन दिसेल अशी.

आकडा उमटेपर्यंत मी उठले नाही.